दोन मिलिमीटरची दाढ: डायनासोरांच्या अखेरच्या काळातले सस्तन प्राणी ओळखायला शिकताना

"सुरुवात कुठून करू?" असं कुणी विचारलं की मी सांगतो, घुबडापासून. समोरचा गोंधळतो. त्याच्या डोक्यात टायरॅनोसॉरसच्या पायांतून पळणारा उंदरासारखा जीव, आकाशातून येणारा अशनी, राख असं काहीतरी असतं. पण त्या काळातल्या बहुतेक सस्तन प्राण्यांचं आपल्या हाती लागलंय काय, तर सुटे दात. तेही मोहरीच्या दाण्याएवढे. दात वाचता येत नसेल तर या विषयावरचं कुठलंही रंगीत चित्र आपल्यासाठी ऐकीव गोष्टच राहतं. आणि दात वाचायला शिकवणारी सर्वांत स्वस्त शाळा गव्हाणी घुबड चालवतं.

मी स्वतः उलट्या क्रमाने शिकलो. आधी शोधनिबंध, मग शब्दकोश, मग डोकेदुखी, आणि शेवटी घुबड. तुमची दोन वर्षं वाचावीत म्हणून हा क्रम सुलटा करून देतोय.

पायरी १: काळ आणि जागा पक्की करा

६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी डायनासोरांचा अखेरचा, म्हणजे क्रिटेशस कालखंड संपला आणि पॅलिओसीन सुरू झाला. मेक्सिकोतल्या चिक्शुलूबला अशनी आदळला तो याच वेळी, आणि दख्खनचा लाव्हा वाहत होता तोही याच सुमारास. तेव्हा भारत आशियाला चिकटलेला नव्हता. समुद्रातून उत्तरेकडे सरकणारं ते एक मोठं बेट होतं. एवढं लक्षात ठेवलं तरी पुढचं अर्धं कोडं समजतं.

लाव्हा एका दमात आला नाही. एक थर येऊन निवायचा, मग हजारो वर्षांची उसंत. त्या उसंतीत खोलगट जागी तळी साचली, गाळ बसला, बेडूक-मासे-गोगलगायी आल्या, काठावर झाडं आणि झाडांवर छोटे सस्तन प्राणी. मग पुढचा लाव्हा आला आणि ते सगळं झाकून गेलं. दोन लाव्ह्यांमधल्या या गाळाला भूशास्त्रज्ञ इंटरट्रॅपियन थर म्हणतात. आपल्याला हवे आहेत ते हेच.

इथे पुण्या-नाशिककडच्या मंडळींची ठरलेली चूक होते. घाटातल्या कड्यात काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये लाल पट्टा दिसतो आणि "सापडला इंटरट्रॅपियन!" म्हणून फोटो येतो. तो लाल पट्टा बहुतेक वेळा लाव्ह्याचाच वरचा भाग कुजून झालेली माती असते. तळ्याचा गाळ नव्हे. त्यात दात शोधणं म्हणजे कोरड्या विहिरीत पोहरा सोडणं. तळ्याचे थर जास्त मिळतात ते लाव्ह्याच्या पसाऱ्याच्या कडेला: नागपूर, छिंदवाडा, दिंडोरी, तेलंगणातला विकाराबादचा भाग, बेळगावजवळचं गोकाक. मुंबईतही वरळी-मलबार हिल भागात असे थर होते. तिथून गेल्याच्या आधीच्या शतकात बेडूक आणि कासवं मिळाली.

नागपूरकरांना एक नाव ओळखीचं असेल: स्टीफन हिस्लॉप. ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे तेच हे स्कॉटिश मिशनरी. धर्मप्रसाराला आले आणि टाकळीच्या थरांतली झाडं, गोगलगायी, कीटक जमवत बसले. १८६३ साली टाकळघाटहून परतताना नदी ओलांडताना ते बुडाले. सव्वाशे वर्षांनी, १९८८ मध्ये, जी. व्ही. आर. प्रसाद आणि अशोक साहनी यांनी विकाराबादजवळच्या नसकल इथल्या थरातून भारतातला पहिला क्रिटेशस सस्तन प्राणी जाहीर केला तेव्हा त्याचं नाव ठेवलं डेक्कनोलेस्टेस हिस्लोपी. ग्रीक 'लेस्टेस' म्हणजे लुटारू. दख्खनचा दरोडेखोर! दरोडेखोराची दाढ दोन मिलिमीटरच्या आतबाहेर.

पायरी २: घुबडाच्या शाळेत नाव घाला

गव्हाणी घुबड भक्ष्य जवळजवळ अख्खं गिळतं आणि न पचलेले केस व हाडं यांचा घट्ट गोळा ओकून टाकतं. पक्षीनिरीक्षक त्याला पेलेट म्हणतात. पडका वाडा, जुनं गोदाम, पाण्याची टाकी, देवळाचा न वापरला जाणारा माळा, अशा जागी जमिनीवर अंगठ्याएवढे काळपट गोळे पडलेले दिसतात. खाली पडलेलेच उचला. वर चढून घरट्यात डोकावू नका, जागा वनखात्याच्या अखत्यारीत असेल तर आधी विचारा, आणि घुबड कुठे बसतं हे व्हॉट्सॲपवर टाकू नका. करणी-भानामतीच्या नादात घुबडं मारणारे लोक तेही वाचतात.

गोळे घरी आणल्यावर आधी फॉइलमध्ये गुंडाळून १६० अंशांवर पाऊण तास तापवा. ओव्हन मात्र स्वयंपाकाचा नको. हातमोजे, तोंडाला मास्क. उंदरांचे रोग मजेचे नसतात. मग बशीत कोमट पाण्यात तासभर भिजत घाला आणि चिमट्याने केस सोडवत जा. घाई केली की जबडा मोडतो. साधारण एका गोळ्यात दोन-तीन कवट्या निघतात. माझ्या पहिल्या गोळ्यात दोन उंदीर आणि एक चिचुंद्री निघाली. तो गोळा मी अजून काचेच्या डबीत ठेवलाय, कारण या विषयाचे निम्मे धडे त्या तीन डोक्यांत आहेत.

आता सोनारकाम करणाऱ्यांचं दहापट भिंग घ्या. दोनअडीचशे रुपयांतही बरं मिळतं. भिंग डोळ्याला चिकटवायचं आणि वस्तू भिंगाजवळ आणायची. नवखा माणूस नेमकं उलटं करतो आणि "काही दिसत नाही" म्हणतो.

उंदराचा जबडा पाहा. पुढे लांब वाकडा पटाशीचा दात, मग मोकळी जागा, मग तीन दाढा. चारही बाजू धरून एकूण सोळा दात. दाढांवर उंचवट्यांच्या ओळी. जबडा मागे-पुढे सरकवून दळणारं हे जातं आहे.

चिचुंद्रीचा जबडा पाहा. पुढपासून मागपर्यंत दातच दात, एकूण तीस, मोकळी जागा नाहीच. शेवटच्या तीन दाढा टोकदार, काटेरी. चिचुंद्रीला उंदीर म्हणणाऱ्या माणसाला हे एकदा दाखवा, पुन्हा म्हणणार नाही.

पायरी ३: अडकित्ता आणि खलबत्ता

चिचुंद्रीच्या खालच्या जबड्यातली मधली दाढ भिंगाखाली घ्या आणि बराच वेळ तिच्याकडेच बघा. मी वहीत तिचं चित्र काढलं होतं. सात वेळा. सातवं जमलं.

पुढच्या अर्ध्या भागात तीन उंच टोकं त्रिकोणात उभी आहेत. याला ट्रायगोनिड म्हणतात. मागच्या अर्ध्या भागात एक बुटकी, काठ असलेली वाटी आहे. ती टॅलोनिड. आता वरच्या जबड्यातली दाढ घ्या. तिच्या जिभेकडच्या बाजूला एक जाडसर टोक आहे, ते प्रोटोकोन. दोन्ही जबडे हलकेच मिटवले तर वरचं प्रोटोकोन खालच्या टॅलोनिडच्या वाटीत नेमकं बसतं. खलात बत्ता बसावा तसं. आणि त्याच वेळी वरच्या दाढेची धार खालच्या त्रिकोणाच्या धारेवरून घसरत जाते, अडकित्त्यासारखी. म्हणजे झुरळाचं कवच कातरणं आणि आतला मऊ भाग कुटणं, दोन्ही कामं एकाच चाव्यात.

या रचनेला ट्रायबोस्फेनिक दाढ म्हणतात. 'घासणं' आणि 'पाचर' या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांवरून हे नाव जॉर्ज गेलॉर्ड सिम्पसन यांनी १९३६ मध्ये दिलं. डेक्कनोलेस्टेसची दाढ याच घाटाची. चिचुंद्री त्याची पणती नव्हे. फक्त जुना घाट तिने बराचसा तसाच सांभाळलाय. आपली स्वतःची दाढही याच घाटातून, टोकं बोथट होत होत आलेली आहे.

टॅलोनिड आणि प्रोटोकोन हे दोन शब्द पाठ झाले की तुम्ही शोधनिबंधातलं चित्र बघून "ही खालची, ही वरची" एवढं सांगू शकता. सुरुवातीला एवढं पुष्कळ.

पायरी ४: चार घराणी

क्रिटेशसच्या शेवटी सस्तन प्राण्यांची घराणी बरीच होती. नवख्याने चार लक्षात ठेवावीत.

वार (प्लॅसेंटा) असलेल्या सस्तन प्राण्यांची शाखा, म्हणजे युथेरियन: खलबत्त्याची दाढ, आणि अशा खऱ्या दाढा सहसा प्रत्येक बाजूला तीन. पोटाला पिशवी असलेल्यांची शाखा, मेटाथेरियन: दाढेचा घाट तोच, पण संख्या चार. उत्तर अमेरिकेतला डायडेल्फोडॉन यातला. त्याचा जबडा हाडं फोडण्याइतका भक्कम होता. अशनीनंतर उत्तर अमेरिकेत या शाखेची दैना उडाली.

तिसरं घराणं मल्टिट्युबर्क्युलेट. नाव उच्चारताना जीभ अडखळते, दात मात्र विसरता येत नाहीत: दाढांवर उंचवट्यांच्या ओळी, आणि खालच्या जबड्यात विळीच्या पात्यासारखी एक दातेरी उपदाढ. उंदरासारखे दिसत, उंदरांशी नातं नाही. उंदीर घास दळताना जबडा पुढे रेटतो, हे मागे ओढत. उत्तर गोलार्धात त्यांची चलती होती, आणि ते विनाशातूनही तरून पुढे कोट्यवधी वर्षं राहिले.

चौथं घराणं गोंडवानाथेरियन, आणि ते आपल्या जवळचं. दक्षिणेकडच्या खंडांवरचे हे प्राणी. मादागास्करमधल्या विंटानाची जवळजवळ पूर्ण कवटी मिळाली आणि २०१४ मध्ये जाहीर झाली. विंटाना नऊ किलोच्या आसपासचा होता. म्हणजे "सगळे मेले उंदराएवढेच" हे शाळेत ऐकलेलं वाक्य विसरा. भारतातल्या गोंडवानाथेरियनच्या दाढा उंच, खांबासारख्या. अशी दाढ झिजायला वेळ लागतो, म्हणून ती खरखरीत चारा खाणाऱ्याला परवडते. इथे चंद्रपूर जिल्ह्यातलं पिसदुरा आठवतं. वरोरा तालुक्यातल्या या गावाच्या शिवारात डायनासोरांची दगड झालेली विष्ठा मिळते. २००५ मध्ये तिच्यात गवताचे सिलिकाकण सापडले, आणि डायनासोरांच्या काळात गवत नव्हतं ही समजूत गेली. त्याच अभ्यासात अशीही शक्यता मांडली गेली की या उंच दाढा गवतासाठीच असतील. मला ती पटते.

पायरी ५: मोहरीचा सराव

दात मिळवायचे कसे? संशोधक पोत्यांनी गाळ आणतात, उन्हात खडखडीत वाळवतात, केरोसीनमध्ये भिजवतात, केरोसीन ओतून काढून पाणी घालतात. वाळलेल्या मातीत मुरलेल्या केरोसीनची जागा पाणी घेऊ लागतं तसा ढेकूळ आपोआप विरघळतो. मग बारीक जाळ्यांच्या चाळण्यांतून धुणं, वाळवणं, आणि उरलेला कचरा सूक्ष्मदर्शकाखाली कण-कण करून पाहणं. पोत्यांच्या हिशेबात माती आणि बोटांवर मोजण्याइतके दात.

केरोसीन तुम्ही घरात अजिबात वापरू नका. सरावासाठी अंगणातली चिकणमाती घ्या, तिच्यात मोहरीचे पन्नास दाणे मोजून कालवा, आठवडाभर उन्हात वाळवा. मग बादलीत रात्रभर भिजवा. थोडा धुण्याचा सोडा टाकलात तर लवकर सुटते. मैद्याच्या चाळणीत हळू धारेखाली धुवा. बोटांनी चोळायचं नाही. चाळणी पाण्यात ठेवून नुसती हलवायची, आईने तांदूळ धुवावेत तशी. वाळल्यावर पांढऱ्या ताटलीत पसरा आणि मोहरी वेचा.

पहिल्या खेपेला मला एकतीस मिळाले. एकोणीस दाणे गेले कुठे? काही तरंगले आणि बादलीच्या वरच्या पाण्याबरोबर मोरीत गेले. तेव्हापासून वरचं पाणीसुद्धा मी चाळणीतूनच सोडतो. काही ढेकळात अडकून राहिले, कारण धुतलेलं पुन्हा वाळवून पुन्हा धुवायचा मी कंटाळा केला. पन्नासपैकी अठ्ठेचाळीस मिळेपर्यंत खऱ्या गाळाला हात लावण्याची गोष्टसुद्धा काढू नका.

चाळणीची ही कल्पना जुनीच. १८९० च्या आसपास जॉन बेल हॅचर अमेरिकेत वायोमिंगमध्ये जीवाश्मशास्त्रज्ञ ओ. सी. मार्श यांच्यासाठी जीवाश्म गोळा करत होते. तिथल्या मुंग्या वारुळावर बारीक खडी रचतात, आणि त्या खडीत क्रिटेशस सस्तन प्राण्यांचे दात असतात. हॅचर पिठाची चाळणी घेऊन वारुळं चाळत. एकेका वारुळातून दोनशे-तीनशे दात आणि जबड्यांचे तुकडे मिळत असं त्यांनी लिहून ठेवलंय. जिथे दात आहेत पण मुंग्या नाहीत, तिथे फावडंभर वाळू मुंग्यांसकट नेऊन टाका, असा सल्लाही त्यांनी दिला. फुकटचे मजूर!

पायरी ६: नकार द्यायला शिका

इंटरट्रॅपियन गाळात चमकणारं बहुतेक काही सस्तन प्राण्याचं नसतं. काळसर चकाकणारे शंकरपाळ्याच्या आकाराचे तुकडे: 'गार' नावाच्या माशाचे खवले. चपट्या विटांसारखे, खाली कंगव्यासारखे खाचे: पाकट माशाच्या दातांच्या फरशा. साधे वाकडे सुळके: मासा, सरडा, मगर. बारीक गोल, अंगावर मळसूत्रासारख्या रेघा: पाणवनस्पतींची बीजं. शेंगदाण्याच्या पापुद्र्यासारखे जोडशिंपले: ऑस्ट्राकॉड, म्हणजे कोळंबीच्या नात्यातले बारीक जलचर.

माझा नियम साधा आहे. एकाहून जास्त टोकं आणि खाली दोन मुळं, दोन्ही असतील तरच श्वास रोखायचा. बहुतेक मासे आणि सरड्यांच्या दाताला दोन फांद्यांचं मूळ नसतं. काही जुन्या मगरींच्या दातांवरही अनेक टोकं असतात, तिथे भलेभले फसलेत. पण मूळ एकच. मूळ मोडलेलं असेल तर "माहीत नाही" असं लिहा आणि पुढे चला.

पायरी ७: नावांच्या मागे किती दात आहेत ते विचारा

शोधनिबंध उघडलात की आधी होलोटाइप शोधा, म्हणजे ज्या नमुन्यावर नाव ठेवलं तो नमुना. दिंडोरी जिल्ह्यातल्या किसलपुरीहून २००७ मध्ये जाहीर झालेला खरमेरंग्युलेटम हा खुरवाल्यांचा जुना नातलग म्हणून गाजला. त्याच्यामागे किती हाडं? खालची एक दाढ. एवढ्या पुराव्यावर मोठा दावा केला की वाद होणारच, आणि झालाही.

त्याच वर्षी एक गंमत झाली. दोन वेगळ्या गटांनी उंच दाढांच्या त्याच गोंडवानाथेरियनला दोन नावं दिली: एकाने भारतथेरियम, दुसऱ्याने गोकाक-नसकलच्या दातांवरून दक्षिणा. भारतथेरियम आधी छापलं गेलं म्हणून ते टिकलं. मला दक्षिणा जास्त आवडलं होतं, पण प्राण्यांच्या नामकरणात आवडीला मत नसतं.

डेक्कनोलेस्टेसचं नशीब बरं. त्याच्या दातांच्या जोडीला घोट्याची आणि पुढच्या पायाची सुटी हाडंही मिळाली, आणि सांध्यांच्या आकारावरून तो झाडावर वावरणारा ठरला. २०११ च्या विश्लेषणात त्याची जागा आजच्या वार असलेल्या प्राण्यांच्या कुटुंबाबाहेर, पण त्याच शाखेवर पडली. मग अवघड प्रश्न: ही शाखा प्रामुख्याने उत्तर गोलार्धातली, भारत तर बेट. तो आला कसा? आफ्रिकेमार्गे की बेटांच्या साखळीवरून, यावर दोन तज्ज्ञ एका टेबलावर बसले तर चहा गार होतो.

विनाशानंतरचा अध्याय वाचायचा तर कोलोरॅडोतल्या कोरल ब्लफ्सपासून सुरुवात करा. २०१९ मध्ये जाहीर झालेलं काम आहे. तिथे दगडी गोळे फोडल्यावर दात नव्हे, अख्ख्या कवट्या निघाल्या. सर्वांत मोठे सस्तन प्राणी एक लाख वर्षांत पूर्वीच्या आकाराला पोचले आणि सात लाख वर्षांत पन्नास किलोच्या घरात गेले.

पायरी ८: खरंच काही सापडलं तर

थरात रोवलेली वस्तू उकरू नका. शेजारी नाणं ठेवून फोटो, फोनवरून जागेचे अक्षांश-रेखांश, थर वरून कितव्या हातावर आहे त्याचं रेखाटन, आणि जमीनमालकाशी बोलणं. मग जवळच्या विद्यापीठाचा भूशास्त्र विभाग किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण. त्यांचं मध्य विभागाचं मुख्यालय नागपुरात आहे. जागेची नोंद नसलेला दात म्हणजे पत्ता फाटलेलं पाकीट.

आणि सरावाचे दात हाताळताना चिमटा वापरू नका, दात टिचकीसारखा उडतो. मी एक चिचुंद्रीची दाढ अशीच घालवली; ती अजून माझ्या खोलीतच कुठेतरी आहे. शून्य-शून्य-शून्य नंबरचा रंगाचा ब्रश ओला करून टोक दातावर टेकवा, दात चिकटून वर येतो. टाचणीच्या डोक्यावर पाण्यात विरघळणाऱ्या गोंदाचा थेंब लावा, दात त्यावर मुळांच्या बाजूने बसवा, टाचणी बुचात टोचा आणि बूच छोट्या बाटलीला लावा, म्हणजे दात आत सुरक्षित लटकतो. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा आणि बाटलीच्या आत टाका. बाहेर चिकटवलेली चिठ्ठी झुरळं खातात.